विंचची दोरी एकाच जागी पुन्हा पुन्हा तुटते? आधी पुली बघा

दोन हंगामांत माझ्या विंचच्या, म्हणजे दोरी ड्रमवर गुंडाळून रुतलेली गाडी ओढणाऱ्या यंत्राच्या, तीन दोऱ्या गेल्या. पहिल्या दोन वायररोप, म्हणजे पोलादी तारांच्या, तिसरी सिंथेटिक. तिन्ही हुकापासून साधारण तीस फुटांवर गेल्या, हात-दोन हात इकडेतिकडे. दर वेळी मी दुकानदाराच्या नावानं बोटं मोडली, नवी दोरी आणली आणि पुलीचं चाक नीट न बघताच परत रानात उतरलो. तिसऱ्या वेळी शेजारच्या रानातले अण्णा बांधावर बसून तंबाखू मळता मळता म्हणाले, "दोरी बदलतोयस तीनदा, ते चाक कधी बघणार हायेस?"

त्यांच्या वडिलांची मोट होती. नाडा कुठं झिजतो हे बघायचं झालं तर माणूस आधी मोटेच्या चाकाकडं बघायचा. आपण विंच, वायरलेस रिमोट, एलईडी बार सगळं बघतो आणि चाक राहून जातं.

आमचं रान मोहोळ तालुक्यात, सीनेच्या काठाला. माती काळी, खोल. कोरडी असली की हात जाईल एवढ्या भेगा आणि एकदा भिजली की साबण. या मातीतला चिकणमातीचा अंश पाणी शोषून फुगतो, चाकाभोवती घट्ट बसतो आणि टायरच्या नक्षीत भरून टायर गुळगुळीत करून टाकतो. सप्टेंबरातला परतीचा पाऊस, मग उसाच्या खेपा, मग जानेवारीत हुरड्याला आलेले पुण्याचे पाहुणे, ज्यांना "मालक, गाडी रस्त्यावरच लावा" हे ऐकूच येत नाही. त्यामुळे माझ्या पिकअपचा ९,५०० पौंडांचा विंच वर्षातून पंधरा-वीस वेळा तरी चालतो. हौशी ऑफरोडवाल्यांपेक्षा माझा वापर वेगळा, पण दोरी, पुली आणि शॅकल (खिळीनं बंद होणारी जोडायची कडी) यांचं गणित तेच आहे.

एक आधीच सांगतो. भरलेली उसाची ट्रॉली विंचने ओढायची गोष्ट नाही. ती रिकामी करा, नाहीतर दुसरा ट्रॅक्टर आणा. खाली जे लिहिलंय ते जीप, पिकअप, कार, रिकामा छोटा हत्ती यांच्यासाठी.

दोरी कुठं गेली ते फुटात मोजा

दोरी तुटली किंवा तिचे पदर सुटायला लागले की पहिलं काम टेप आणणं. हुकापासून किती अंतरावर खराब झाली ते मोजा. या एका आकड्यावरून अर्ध्याहून जास्त निदान होतं.

माझ्या बाबतीत तीस फूटच का? मी बहुतेक वेळा गाडी बांधाच्या कडेच्या रस्त्यावर उभी करतो, पुली रुतलेल्या गाडीला लावतो आणि दोरीचं टोक परत आणून बांधावरच्या लिंबाला अडकवतो. आमच्या पट्टीत लिंबापासून रुतलेल्या गाडीपर्यंतचं अंतर जवळपास दर वेळी तीस फूट भरतं. गाडी चिखलातून सुटायच्या क्षणी सगळ्यात जास्त जोर लागतो. एकदा का तिनं जागा सोडली की जोर उतरतो. म्हणजे दर वेळी सगळ्यात मोठा ताण असताना पुलीच्या चाकावर दोरीचा तोच तिसाव्या फुटाजवळचा तुकडा वाकलेला असायचा. मार खायचा तो एकच तुकडा, आणि मारणारी पुली.

तुमची दोरी ड्रमजवळच्या शेवटच्या पंधरा-वीस फुटांत चेपली असेल तर पुलीला दोष देऊ नका. तिथं वरचे वेढे खालच्या सैल वेढ्यांत घुसतात. दोरी सगळी बाहेर काढून, हलक्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, कुणाला तरी जरा ब्रेक धरायला सांगून ताणाखाली परत गुंडाळा. सिंथेटिक दोरी ड्रमला लागून कडक झाली, चकाकायला लागली असेल तर ती उष्णता आहे. बऱ्याच विंचचा ब्रेक ड्रमच्या आतच असतो आणि ताणाखाली दोरी सोडली की तो तापतो. या दोऱ्यांचा धागा दीडशे अंशांच्या आसपास वितळतो, पण कमकुवत त्याच्या कितीतरी आधीच होतो.

हुकापासूनच्या पहिल्या पाच-सहा फुटांत झीज असेल तर विंचच्या तोंडाजवळचे, दोरी जिथून बाहेर येते तिथले रोलर बघा. आधी वायररोप असलेल्या गाडीवर नंतर सिंथेटिक चढवली आणि रोलर जुनेच ठेवले तर तारेनं रोलरवर पाडलेले ओरखडे नव्या दोरीला करवतीसारखे लागतात. सिंथेटिकला ॲल्युमिनियमचं गुळगुळीत तोंडच हवं.

आणि दोरी मधेच, पुली ते हुक या अंतराइतक्या जागी गेली असेल, तर पुढचं वाचा.

माझ्या तीन दोऱ्या, तीन वेगळे आजार

पहिली वायररोप ९ मिलिमीटरची. पुली भंगारातून घेतलेली, जुन्या क्रेनची, चांगली दणकट. वजनच सांगायचं की ही तुटणार नाही. ती तुटली नाहीच, दोरी तुटली. चाकाची खाच १६ मिलिमीटरच्या दोरीसाठी होती. एवढ्या रुंद खाचेत बारकी दोरी पसरून बसते. तिला दोन्ही बाजूंनी आधार मिळत नाही, ताणाखाली गोल दोरी चपटी होते आणि बाहेरच्या तारा एकेक करून तुटायला लागतात. खाच दोरीपेक्षा जेमतेम मोठी असावी लागते, व्यासाच्या पाच ते दहा टक्के. ९ च्या दोरीला साडेनऊ-दहाची खाच. उलट बाजूनं खाच अरुंद असली तर दोरी चिमटीत सापडते, तेही वाईटच.

दुसरी दोरी घेतली तेव्हा पुलीही बदलली, एवढी अक्कल आली होती. पण या वेळी घेतली ती हातात मावणारी, स्वस्त. चाकाचा तळ, म्हणजे दोरी प्रत्यक्ष जिथं बसते तिथला व्यास, जेमतेम ४५ मिलिमीटर. दोरीच्या पाचपट. दोन महिन्यांत दोरी सैल सोडली की आपोआप स्प्रिंगसारखी वळायला लागली. जिलेबीच म्हणा. वायररोप फार लहान गोलाईवर वाकवली की बाहेरच्या तारा जास्त ताणल्या जातात, आतल्या दबतात, आणि ताकद सरळ कमी होते. दोरीच्या व्यासाएवढ्याच जाडीच्या खिळीवरून वाकवली तर ती साधारण निम्म्यावर येते. (म्हणूनच पुलीऐवजी नुसत्या शॅकलमधून दोरी फिरवून "काम झालं की" म्हणणाऱ्यांच्या गाडीजवळ मी उभा राहत नाही.) उचलण्याच्या क्रेनला अठरा-वीस पटीची चाकं असतात. आपल्याला एवढं मोठं चाक गाडीत घेऊन फिरणं जमत नाही, पण दोरीच्या आठपट तरी हवं, दहापट मिळालं तर उत्तम. ९ च्या दोरीला तळाचा व्यास ७५ ते ९० मिलिमीटर.

दुसरी दोरी गेल्यावर चाक मोठं घेतलं आणि दोरीही. आता तिसरी, सिंथेटिक, १० मिलिमीटरची. हलकी, हाताला तारा टोचत नाहीत, तुटली तरी तारेसारखी सुळकन अंगावर येत नाही. पण माझ्याकडे वायररोपचा एक तुकडा उरला होता आणि मधे दोन महिने तोच त्या नव्या पुलीत चालवला होता. पोलादी तारेनं खाचेत बारीक बर, म्हणजे धातूची टोकदार कुसं, उठवले. डोळ्याला काही दिसत नव्हतं. सिंथेटिक दोरी तिसऱ्या-चौथ्या खेपेलाच तिसाव्या फुटाला केसाळ झाली आणि नोव्हेंबरात एका रिकाम्या टेम्पोला ओढताना गेली.

त्यावर तपासणीची सोपी युक्ती आहे. गॅरेजमध्ये हात पुसायला जे सुताचं वेस्ट असतं ते घ्या. सोलापूरसारख्या गिरणगावाजवळच्या माणसाला सुताचा तुटवडा नाही. खाचेतून एकदा सगळीकडे फिरवा. कुठं धागा अडकला तर तिथं बर आहे. बारीक सँडपेपरनं घासा, परत सूत फिरवा. सूत जिथं अडकतं तिथं सिंथेटिक दोरी कापली जाणारच. आणि एक पुली एकाच जातीच्या दोरीला ठेवा. वायरला लावलेली पुली सिंथेटिकला परत लावू नका.

दोरी चाकावरून उतरून पट्टीच्या फटीत अडकते

हा प्रकार आमच्याकडं हुरड्याच्या दिवसांत तीनदा झाला, तिन्ही वेळा दुसऱ्याच्या पुलीवर. गाडी एकदम पुढं सरकते, दोरी क्षणभर सैल पडते, चाकावरून उडी मारते आणि चाक आणि बाजूची पट्टी यांच्यामधल्या फटीत जाऊन बसते. रिमोट हातात असलेल्याला ते दिसत नाही, तो बटण दाबतच राहतो. दोरी फटीत कातरली जाते किंवा पट्टी वाकते.

कारण दोनच. एक, चाक आणि पट्टी यांच्यातली फट जास्त. दुकानात पुली घेताना आपल्या दोरीचा वीतभर तुकडा बरोबर न्या आणि तो बाजूनं फटीत घुसतो का बघा. टोकही आत जाता कामा नये. चाक बोटानं बाजूला हलवून बघा. खेळ असेल तर दोरी ओढली की फट अजून वाढते. दोन, पुली उघडून दोरी आत घातली आणि शॅकल दोन्ही पट्ट्यांच्या भोकांतून न घालता एकाच पट्टीतून घातलं. घाईत, अंधारात, चिखलानं माखलेल्या हातांनी हे होतं. एका पट्टीवर सगळा भार आला की ती फिरते आणि दुसरी उघडी पडते. ओढायच्या आधी बोटानं दोन्ही भोकं चाचपून बघायची सवय लावा.

सैलपणाचा उपाय रिमोटवर आहे. सुरुवातीला दोरी फक्त ताठ होईपर्यंत गुंडाळायची, थांबायचं, पुली सरळ झाली का बघायची, मगच ओढायचं. गाडी सुटायला लागली की आतल्या ड्रायव्हरनं एकदम ॲक्सिलरेटर दाबायचा नाही. पाहुणे हमखास दाबतात.

पुलीवर लिहिलंय आठ टन, तरी पट्टी वाकली

इथं सगळ्यात जास्त लोक फसतात. पुलीवरचा भार हा विंचचा भार नसतो. दोरी पुलीभोवती वळून परत समांतर आली की पुलीवर दोरीच्या दोन्ही बाजूंचा ताण येतो, म्हणजे दुप्पट. ९,५०० पौंड म्हणजे साधारण ४,३०० किलो. ड्रमवर दोरीचा फक्त पहिला थर उरलेला असताना विंच पूर्ण जोर लावतो तेव्हा पुलीवर ८,६०० किलो. दोरीच्या दोन्ही बाजूंमधला कोन ६० अंश असेल तर भार ताणाच्या १.७३ पट, ९० अंशाला १.४१ पट, १२० अंशाला ताणाइतकाच. म्हणजे नुसती दिशा बदलायला झाडाला पुली लावली आणि दोरी काटकोनात वळली, तरी झाडावर आणि पुलीवर सहा टनांच्या आसपास येतं.

आता "८ टन" हे कशाचं? आमच्या बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच पुल्यांवर तो तुटण्याचा आकडा असतो, रोज वापरायचा नाही. दुकानदाराला विचारा, कामाचा भार किती आणि तुटण्याचा किती? "एकच आहे की ओ" असं उत्तर आलं तर पुली तिथंच ठेवा. ९,५०० च्या विंचला कामाचा भार साडेआठ-नऊ टन लिहिलेली पुली घ्या. ती जड असते, महाग असते.

आणि पुली कितीही भारी असली तरी तिला धरणारं शॅकल? पाऊण इंची बो शॅकल, जे सगळ्यांकडं असतं, त्याचा कामाचा भार ४.७५ टन. ७/८ इंचीचा ६.५ टन, एक इंचीचा ८.५ टन. म्हणजे पुली पाऊण इंची शॅकलनं अडकवली तर पहिल्या थरावर पूर्ण जोर लावताना त्या शॅकलवर त्याच्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. चांगल्या शॅकलमध्ये पाच-सहा पटीचा राखीव असतो म्हणून ते लगेच तुटत नाही, आणि न तुटल्यामुळेच लोकांना वाटतं की ठीक आहे. पुलीपाशी एक इंची घ्या. मात्र आधी त्याची खिळी पुलीच्या भोकातून जाते का ते दुकानातच बघा, मी एकदा न बघता आणलं होतं आणि सहा महिने ते डिकीत नुसतं खुळखुळत होतं. शॅकल तिरपं ओढलं जात असेल तर ४५ अंशाला त्याची क्षमता सत्तर टक्के, काटकोनात निम्मी. खिळी हातानं घट्ट करून पाव आटा मागे फिरवा, नाहीतर ओढल्यावर सुटता सुटत नाही.

पुली लावूनही गाडी हलत नाही

आधी किती जोर लागतो त्याचा अंदाज. अमेरिकी लष्कराच्या वाहन ओढण्याच्या पुस्तिकेत एक ठोकताळा आहे, तो काळ्या मातीतही जवळपास खरा ठरतो. चाकाइतकी रुतलेली गाडी हलवायला तिच्या वजनाइतका जोर, मडगार्डपर्यंत रुतलेलीला दुप्पट. तिथंच असंही धरलंय की प्रत्येक पुलीमागे घर्षणात दहा टक्के जातात.

मालासकट तीन टनांची पिकअप मडगार्डपर्यंत रुतून पोटावर बसली आहे असं धरा. लागणार सहा टन. माझा विंच पहिल्या थरावर ४.३ टन ओढतो, पण ड्रमवर दोरी जितकी जास्त तितका ड्रम जाड आणि जोर कमी. दुसऱ्या थरावर साडेतीन टनांच्या आसपास, तिसऱ्यावर तीन. लिंबापासून गाडी तीस फुटांवर, एकेरी दोरी सोडली तर ड्रमवर अजून तिसरा थर असतो. सहा टन जोर लागणारी गाडी तीन टनांनी काय हलणार? मोटर गुरगुरते, बॅटरी बसते, वास येतो.

तीच दोरी पुलीतून दुहेरी केली की साठ फूट बाहेर जाते. ड्रम दुसऱ्या थरावर येतो. साडेतीनची दुप्पट सात, त्यातून दहा टक्के गेले, उरले सहा टन तीनशे. गाडी निघते. पुलीचा हा दुहेरी फायदा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, ती जोर दुप्पट करते आणि वर दोरी जास्त बाहेर काढायला लावून विंचचाही जोर वाढवते. वेग मात्र निम्मा होतो. एकदम सगळं न ओढता मिनिटभर ओढा, दोन-तीन मिनिटं मोटर थंड होऊ द्या, इंजिन चालू ठेवा. ड्रमवर वायररोपचे पाच आणि सिंथेटिकचे आठ-दहा वेढे राहिलेच पाहिजेत.

हे सगळं करूनही हलत नसेल तर पुली हातानं फिरवून बघा. काळी माती सुकली की सिमेंटसारखी होते. बुशमध्ये गेलेली माती वाळली की चाक फिरतच नाही, दोरी अडकलेल्या चाकावरून घासत जाते. मग दहाऐवजी किती टक्के जातात ते देव जाणे. म्हणून ग्रीस निपल असलेलीच पुली घ्या आणि हंगामात दर दोन-तीन वापरांनंतर ग्रीस मारा, जोवर जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन स्वच्छ ग्रीस दिसत नाही.

शेवटी फावडं. चाकांपुढची माती काढली आणि गाडी ज्या वाटेनं आत गेली त्याच वाटेनं मागं ओढली तर जोर बराच कमी लागतो. पुली, शॅकल, गणित सगळं ठीक, पण आमच्याकडं निम्म्या गाड्या फावड्यानं निघाल्या आहेत.

रुतलेली राहते बाजूला, माझीच गाडी ओढली जाते

पुली रुतलेल्या गाडीला आणि दोरीचं टोक परत तुमच्याच गाडीला, असं लावलंय ना? मग रुतलेल्या गाडीवर जेवढा जोर येतो तेवढाच, दुप्पट, तुमच्या गाडीवरही येतो. ओल्या बांधावर ती सरकणारच. टोक स्वतःच्या गाडीऐवजी शेजारच्या झाडाला लावा. झाड एक वाटा घेतं, तुमच्या गाडीवर फक्त एका दोरीचा ताण राहतो.

झाडाला किमान तीन इंच रुंदीचा पट्टा, तोही बुंध्याच्या अगदी खाली. उघडी दोरी गुंडाळली तर साल कापली जाते आणि दोरीचीही वाट लागते. विजेचा खांब, बोअरचा केसिंग पाइप, विहिरीचं कठडं, यांना हात लावू नका. आमच्या माळावर झाडच नसतं तेव्हा दोन मार्ग. स्टेपनी आडवा खड्डा करून तीन फूट पुरायची आणि पट्टा तिच्यातून घ्यायचा, काळ्या मातीत ती चांगली धरते. नाहीतर ट्रॅक्टर. ट्रॅक्टरला पट्टा खालच्या ड्रॉबारलाच लावायचा. वरच्या टॉपलिंकला लावून ओढलं की ट्रॅक्टरचं तोंड उचललं जातं, आणि उताणा झालेला ट्रॅक्टर मी बघितला आहे.

आणखी एक. टोक आपल्या गाडीला लावायचंच असेल तर चॅसीच्या ओढण्याच्या हुकाला, विंचच्या बेसला नाही. कंपनीनं ट्रकवर गाडी बांधायला दिलेला पातळ कडा तर बिलकुल नाही.

मग आता घ्यायचं काय

वायररोप असेल तर पट्ट्या उघडणारी पोलादी पुली, खाच दोरीच्या मापाची, तळ आठपट, ग्रीस निपल, कामाचा भार विंचच्या दुप्पट. यात मला शंका नाही.

सिंथेटिक असेल तर हल्ली ॲल्युमिनियमची रिंग मिळते, मधे भोक आणि बाहेरून खाच, जी सॉफ्ट शॅकलवर, म्हणजे सिंथेटिक दोरीच्याच शॅकलवर, फिरते. हलकी, ना बेअरिंग ना पट्टी. ती जिथं अडकवली तो अँकर तुटला तर किलोच्या पोलादाऐवजी वीतभर ॲल्युमिनियम उडतं, ही तिची मोठी बाजू. पण तिला वायररोप चालत नाही, आणि दोरी सैल पडली की ती सहज निसटते. आमच्या मातीत अजून एक अडचण आहे, ती जमिनीला टेकली की भोकात आणि खाचेत गाळ भरतो आणि रिंग फिरणं थांबवते. मग सॉफ्ट शॅकल आणि दोरी दोन्ही घासतात. मी ती वापरतो, पण पुली जमिनीपासून वर राहील अशा ठिकाणीच, आणि एक बाटली पाणी तिच्यासाठीच ठेवतो. ओल्या रानात, गाडी पोटावर बसलेली असताना, मला अजून पट्ट्यांचीच पुली बरी वाटते. सिंथेटिकसाठी तिचं चाक गुळगुळीत हवं, पुलीच्या भोकाच्या कडाही. कडा धारदार असेल तर त्यात सॉफ्ट शॅकल घालू नका, पोलादी घाला.

ताणलेल्या दोरीवर मधोमध जड काहीतरी टाकायचं हे विसरू नका. लोक त्यासाठी खास बॅग विकत घेतात. माझ्याकडं जुनी सोलापुरी चादर आहे, दोन घड्या करून भिजवलेली. हातमोजे चामड्याचे, आणि ओढताना दोरीच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, विशेषतः वळलेल्या दोरीच्या आतल्या बाजूला. पुली सुटली तर ती तिकडंच येते. लवचिक काइनेटिक पट्टा विंचबरोबर जोडायचा नाही, तो ताण साठवून ठेवतो.

आता दर हंगामाच्या सुरुवातीला मी दोरीवर दर दहा फुटांना ऑइल पेंटचा एक पट्टा मारतो. वापरानंतर कुठल्या पट्ट्याजवळ केसाळ झाली, कुठं तार तुटली, ते वहीत. गेल्या हंगामात तिसाव्या फुटाला काहीच नव्हतं. दोन ठिकाणी बारीक घासलं होतं, दोन्ही बांधावरच्या दगडानं.

क्रेनची ती जुनी पुली टाकली नाही. विहिरीतली पाणबुडी मोटर वर काढायला जो १६ मिलिमीटरचा दोर आहे, तो तिच्या खाचेत अगदी नेमका बसतो. मोटर आता दोन माणसांत निघते.